बंद पंपाची जागा आणि शेजारची विहीर

वाचकाचे पत्र :
गावाबाहेर जुन्या रस्त्यालगतची बारा गुंठे जागा मुलाच्या घरासाठी घेण्याचे ठरले असून इसार दिला आहे. या जागेवर साधारण १९८५ पासून पेट्रोल पंप होता. वळणरस्ता झाल्यावर २०१२ साली तो बंद पडला. जमिनीखालच्या टाक्या तेव्हाच काढल्या, असे मालक सांगतात. कागद मात्र दाखवत नाहीत. जागेपासून सुमारे ४० मीटरवर, ओढ्याकडच्या उतारावर, माझ्या चुलतभावाची विहीर आहे. श्रावण-भाद्रपदात तिच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो व वर रंगीत तवंग दिसतो. उन्हाळ्यात यातले काहीच नसते. पाणी प्रयोगशाळेत दिले, तर ‘पिण्यास योग्य’ असा शेरा आला. आता मातीही तपासावी म्हणतो. जागेत बोअर मारून त्याचे पाणी तपासले तर खात्री होईल का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर :
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई झाली तर नुकसान भरून येणार नाही. त्या जागेत बोअर मारू नये. आणि चुलतभावांच्या विहिरीचे पाणी, पुढील तपासणी होईपर्यंत, पिण्यास, स्वयंपाकास आणि आंघोळीस वापरू नये. पाणी उकळणे हा येथे उपाय नव्हे. उकळल्याने जंतू मरतात, पण पेट्रोलमधले उडून जाणारे घटक पाण्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येतात आणि आपण ते श्वासावाटे घेतो. तुरटी आणि क्लोरीन यांचाही या कामी उपयोग नाही.

प्रयोगशाळेने दिलेला ‘पिण्यास योग्य’ हा शेरा खोटा आहे, असे मी म्हणत नाही. त्या कागदावर कोणकोणते घटक लिहिले आहेत ते आपण पुन्हा पाहावे. सामू, क्षारता, काठिण्य, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि जिवाणू एवढेच तेथे असण्याची शक्यता मोठी आहे, कारण विहिरींच्या नेहमीच्या तपासणीत इतकेच पाहतात. पेट्रोलियमचा एकही घटक ज्या तपासणीत मोजलाच गेला नाही, तिने पेट्रोल नाही असा निर्वाळा दिला, असे समजता येत नाही. शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको : जो प्रश्न पत्रिकेत नव्हता, त्याचे गुण मिळत नाहीत.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य मला वासाचे नव्हे, तर ऋतूचे वाटले. वास पावसाळ्यात येतो आणि उन्हाळ्यात जातो, ही विसंगती नाही. जमिनीखाली काय झाले असावे याची ती बऱ्यापैकी स्पष्ट खूण आहे. पेट्रोल आणि डिझेल पाण्यापेक्षा हलके असते. टाकीतून किंवा तिच्या नळांच्या सांध्यांतून झिरपलेले इंधन काळी माती आणि मुरूम यांतून खाली उतरते, भूजलाच्या पातळीशी पोचते आणि तेथे तरंगत पसरते. पुढे उन्हाळ्यात पाणी जसे खाली जाते, तसे तेही खाली जाते आणि वाटेतल्या मुरमाच्या पोकळ्यांना चिकटत राहते; पावसाळ्यात पाणी वर चढते तेव्हा त्यातला बराच भाग त्या पोकळ्यांतच पाण्याखाली अडकून पडतो. आपल्याकडे उथळ विहिरींची पातळी मे आणि सप्टेंबर यांच्या दरम्यान कित्येक मीटर वरखाली होते, त्यामुळे असे माखलेले जाड पट्टे तयार होतात. पाऊस पडून पाणी या पट्ट्यात शिरले की त्यातले विद्राव्य घटक पाण्यात उतरतात आणि उताराच्या दिशेने विहिरीत येतात. चैत्र-वैशाखात पाणी त्या पट्ट्याच्या खाली असते, म्हणून विहीर निर्मळ वाटते. हे खरे ठरले, तर मे महिन्यात घेतलेला पाण्याचा नमुना स्वच्छ येईल आणि तरीही जागा स्वच्छ नसेल.

मी ‘खरे ठरले तर’ असे म्हणतो, त्याला कारण आहे. रंगीत तवंग लोहजिवाणूंमुळेही येतो. काठीने तो तवंग हलवून पाहावा : लोहजिवाणूंचा पापुद्रा काचेसारखा तुकड्यातुकड्यांत फुटतो आणि तुकडे वेगळेच राहतात, तेलाचा तवंग मात्र काठी काढताच पुन्हा एकमेकांत मिसळतो. दुसरी शंका अधिक अडचणीची आहे, पण विचारलीच पाहिजे. विहिरीवर पूर्वी डिझेल इंजिन होते का? इंजिनात तेल भरताना सांडलेले डिझेल विहिरीच्या काठावरच्या मुरमात जिरते आणि पावसात आत उतरते. पंपमालकाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरचे इंजिन तपासलेले बरे. इंधन कोणते, हे प्रयोगशाळा सांगू शकते, त्याविषयी पुढे लिहितो. वासासाठी कोणी विहिरीत उतरू नये, आणि विहिरीच्या तोंडाशी काडी पेटवून पाहण्याचा प्रकार तर कदापि करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खळग्यात साचून राहते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले तरी ती पेट घेते.

तपासणीचा आरंभ प्रयोगशाळेत होत नाही, नकाशावर होतो. पेट्रोल पंपाला पेट्रोलियम व विस्फोटके सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. या संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. परवान्यासोबत मंजूर आराखडा असतो, त्यात टाक्या किती, कोणत्या जागी, टाकी भरण्याची तोंडे कोठे आणि वाफ सोडणारे उभे नळ कोठे, हे दाखवलेले असते. तो आराखडा मालकाकडून किंवा ज्या कंपनीचा पंप होता तिच्याकडून मागावा. टाक्या काढल्याचा अथवा जागेवरच वाळूने भरून बंद केल्याचा कागदही त्याबरोबर मागावा. ‘काढल्या’ हा शब्द लोक दोन्ही अर्थांनी वापरतात. आराखडा मिळाला नाही, तर गावातल्या जुन्या माणसांना आणि पंपावर काम केलेल्या नोकरांना विचारावे. टँकर कोठे उभा राहायचा एवढे समजले तरी भरण्याचे तोंड कोठे होते ते कळते. गळती फक्त टाकीतून होते असा समज आहे, पण टाकीपासून पेट्रोल भरण्याच्या यंत्रापर्यंत जाणारे नळ, त्यांचे सांधे आणि टँकर रिकामा करताना वर्षानुवर्षे सांडणारे थोडे थोडे इंधन, या तिन्ही गोष्टी तितक्याच संशयास्पद असतात. त्यात आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि त्या हालचालीचा ताण पुरलेल्या नळांवर येतो.

मातीच्या नमुन्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण शेतकरी घरात माती तपासण्याची एक पद्धत सर्वांना पाठ असते आणि येथे नेमकी तीच घातक ठरते. खताच्या मात्रेसाठी आपण शेतात आठदहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घेतो, वरच्या वीतभर थराची माती एकत्र करतो, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देतो, सावलीत वाळवतो आणि अर्धा किलो माती पिशवीत भरून देतो. इंधनाच्या तपासणीत यातील प्रत्येक पायरी चुकीची आहे. माती मिसळली आणि वाळवली की बेन्झीन, म्हणजे पेट्रोलमधला चटकन उडून जाणारा विषारी घटक, उडून जातो. दहा ठिकाणची माती एक केली की एका ठिकाणचा दोष नऊ ठिकाणच्या चांगल्या मातीत विरून जातो. आणि वरच्या वीतभर थरातून तर गेल्या दहाबारा वर्षांच्या उन्हात जे उडायचे ते उडून गेलेलेच आहे. येथे प्रत्येक जागेचा आणि प्रत्येक खोलीचा नमुना स्वतंत्र ठेवायचा असतो. टाकीच्या खड्ड्याचा तळ साधारण तीन-साडेतीन मीटरवर असतो. त्या तळाच्या अर्धा ते एक मीटर खालचा नमुना, भरण्याच्या तोंडाखालचा, नळांच्या मार्गावरचा, यंत्रांच्या ओट्याखालचा, आणि पाण्याची पातळी जेथे वरखाली होते त्या पट्ट्यातला नमुना महत्त्वाचा. तुलनेसाठी चढाच्या बाजूचा, जेथे पंपाचा संबंध आलाच नाही, असा एक नमुनाही हवा.

नमुने घेणारे तंत्रज्ञ बाष्पशील वायू मोजणारे एक हातातले उपकरण आणतात. खोलीच्या प्रत्येक मीटरची थोडी माती बंद पिशवीत घालून काही मिनिटे ठेवतात आणि पिशवीतल्या हवेत वाफ किती आहे ते पाहतात. हा आकडा अंतिम नसतो, पण कोणता थर प्रयोगशाळेत पाठवायचा ते त्यावरून ठरते आणि खर्च वाचतो. प्रयोगशाळेसाठी माती न मळता, नळकांड्यातून काढलेल्या काही ग्रॅमच्या गाभ्याच्या रूपात, मेथॅनॉल घातलेल्या काचेच्या कुपीत लगेच बंद करावी लागते. मुरमात हाताचा ऑगर, म्हणजे माती काढण्याचे गिरमिट, लवकर अडतो, मग यंत्र लावावे लागते. जेसीबीने खड्डा घेण्याचा मोह होईल, कारण तो गावात सहज मिळतो. पण टाकी खरोखर काढली आहे याची खातरजमा झाल्याशिवाय त्या भागात जेसीबीचा दात लावू देऊ नये.

आता पाणी. विहिरीचा नमुना पंप सुरू करून धारेखाली बाटली धरून घेऊ नये, कारण धार हवेत फुटते तेव्हा जे मोजायचे तेच उडून जाते. बेलर नावाची अरुंद नळी सावकाश पाण्यात सोडून नमुना घेतात. एक पृष्ठभागाजवळचा आणि एक खालचा, असे दोन घेतले तर उत्तम. नमुना ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता भरायचा, आम्ल घालून सुमारे ४ अंश सेल्सिअसला बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि जास्तीत जास्त चौदा दिवसांत तपासायचा. शीतपेयाची धुतलेली बाटली चालत नाही. जो माणूस सकाळी मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरून आला, त्याने त्याच हातांनी कुप्या हाताळू नयेत. प्रयोगशाळेने शुद्ध पाण्याने भरलेली एक सीलबंद कुपी सोबत पाठवावी. ती जाऊन-येऊन तपासली की प्रवासात भेसळ झाली का ते समजते.

काय मोजायचे ते लेखी द्यावे. बेन्झीन, टोल्यूइन, इथिलबेन्झीन आणि झायलीन हे चार घटक, नॅप्थलीन, तसेच पेट्रोल आणि डिझेल या दोन्ही पल्ल्यांतील एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, एवढे अवश्य हवे. पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा एमटीबीई हा रासायनिक घटकही घ्यावा; तो पाण्यात सहज विरघळतो, मातीला फारसा चिकटत नाही आणि इतरांच्या पुढे धावतो. आपला पंप १९८५ चा म्हणता, आणि भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाली. म्हणजे पंधरा वर्षे त्या टाकीत शिसेयुक्त पेट्रोल होते. म्हणून मातीत शिसे, आणि पाण्यात शिशाबरोबर वापरले जाणारे इथिलीन डायब्रोमाइड तपासून घ्यावे. शिसे मातीला धरून बसते, पाण्यात थोडेच उतरते, तेव्हा ते पाण्यात सापडले नाही म्हणून मातीतले सोडून देऊ नये. शिवाय नमुन्यातले घटक वेगळे करताना यंत्र जो आलेख काढते, त्याची प्रत प्रयोगशाळेकडून मागावी : त्या आलेखाच्या आकारावरून जाणकार रसायनतज्ज्ञ हे पेट्रोल आहे, डिझेल आहे की इंजिनाचे वंगण, हे बहुतेक वेळा सांगू शकतो. चुलतभावांच्या इंजिनाचा प्रश्न तेथे मिटेल.

बेन्झीनवर मी इतका भर का देतो, हे एका हिशेबाने कळेल. ते माणसात रक्ताचा कर्करोग घडवते हे निश्चित झालेले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली त्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. आजच्या पेट्रोलमध्ये त्याला आकारमानाने १ टक्क्यापर्यंत मुभा आहे. जुन्या पेट्रोलमध्ये ते याहून जास्त असे. एक टक्का धरला, तरी एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.८ ग्रॅम बेन्झीन होते, आणि तेवढे सुमारे ८ लाख ८० हजार लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरते. नाकाचा भरवसा येथे चालत नाही : निव्वळ बेन्झीनचा वास पाण्यात जाणवू लागतो तो या मर्यादेच्या शेकडो पटींवर. आपल्याला येणारा वास पेट्रोल-डिझेलमधल्या इतर घटकांचा आहे, आणि तो गेला म्हणजे बेन्झीनही गेले असे होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० मध्ये खनिज तेलासाठी लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. ती पाळली गेली तरी बेन्झीनचा स्वतंत्र आकडा हवाच.

बोअरला मी सुरुवातीलाच नकार दिला, त्याचे कारण आपल्या खडकात आहे. महाराष्ट्राचे चार-पंचमांश क्षेत्र बेसाल्टचे आहे. या खडकात पाणी वाळूत मुरते तसे सारखे पसरत नाही. ते झिजलेल्या मुरमातून आणि फटींच्या वाटांनी जाते. आपल्याकडे बोअर घेताना मऊ थर संपेपर्यंत केसिंगचा नळ घालतात आणि खाली खडकात भोक उघडेच ठेवतात. केसिंगच्या बाहेरची पोकळीही बहुधा बुजवलेली नसते. अशा भोकातून वरच्या थरातील इंधन खालच्या फटींत उतरते, आणि जे दूषण उथळ होते ते आपण स्वतः खोल नेतो. दुसरे असे की खोल बोअर नेमका तो उथळ पट्टा चुकवतो, जेथे इंधन असते. त्यामुळे त्याचा स्वच्छ अहवाल सर्वांत कमी विश्वासाचा. शेजारी आधीपासून बोअर असेल, तर त्याचे पाणी अवश्य तपासावे, मात्र साचलेले पाणी आधी काढून टाकावे. साडेसहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे २१ लिटर पाणी असते. ६० मीटर खोल बोअरमध्ये पाणी १५ मीटरवर असेल, तर आत सुमारे ९५० लिटर झाले, आणि प्रथेप्रमाणे त्याच्या तिप्पट, म्हणजे जवळजवळ २,९०० लिटर उपसून मग नमुना घ्यावा.

जागेत भोके घ्यायचीच असतील, तर उथळ निरीक्षण नलिका घ्याव्यात. किमान तीन, एका रेषेत नव्हे तर त्रिकोणात. प्रत्येकीचा जाळीचा भाग पावसाळ्यातील सर्वांत वरच्या पातळीपासून उन्हाळ्यातील खालच्या पातळीपर्यंत पोचलेला असावा, आणि वरच्या बाजूला नलिकेभोवतीची पोकळी बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या मातीने बुजवलेली असावी, म्हणजे पावसाचे पाणी थेट आत जाणार नाही. तिन्हींतील पातळी एकाच दिवशी, एकाच संदर्भ उंचीवरून मोजली की पाणी कोणत्या दिशेला चालले आहे ते ठरते. ओढा खाली आहे म्हणून ते तिकडेच जात असावे हा अंदाज बरोबर असू शकतो, पण फटींच्या खडकात अंदाजाला पुरावा लागतो. नमुने दोन वेळा घ्यावेत : एकदा सप्टेंबरच्या सुमारास, वास येत असताना, आणि एकदा मे अखेरीस. मे महिन्यात नलिकेत पाण्यावर इंधनाचा थर तरंगतो का तेही पाहावे, कारण पाणी उतरले की मुरमात अडकलेले इंधन सुटून नलिकेत येते. खर्चामुळे एकदाच शक्य असेल तर सप्टेंबर निवडावा.

घर बांधण्याचा विचार पाण्यापुरता नाही. नळाचे पाणी घेतले तरी जमिनीतली वाफ पायाच्या भेगांतून खोल्यांत येऊ शकते. बंद तळघर आणि जमिनीखालची पाण्याची टाकी या दोन गोष्टींना तेथे अधिक धोका असतो. पॉलिथिलीनच्या नळातून तर पेट्रोलचे घटक भिंत ओलांडून आतल्या पाण्यात जातात. म्हणून पाया जेथे येणार तेथील मातीतल्या वायूचाही नमुना घ्यायला सांगावे.

व्यवहाराविषयी थोडक्यात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सहज न कळणारा जमिनीतील महत्त्वाचा दोष सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. परंतु इसार देऊन झाल्यावर कलमाचा आधार घेत बसण्यापेक्षा, तपासणीसाठी दोन्ही ऋतूंची मुदत, जागेत नमुने घेण्याची परवानगी आणि दूषण निघाल्यास इसार परत, या तीन अटींचा पुरवणी करार वकिलाकडून करून घेणे सोपे. दूषण निघाले, तर तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि स्थानिक प्रशासन यांच्याकडे लेखी करावी. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम जुलै २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संशयित जागा कळवणे आणि तिची तपासणी करणे ही जबाबदारी त्यांत स्थानिक संस्था, जिल्हा प्रशासन आणि राज्याचे मंडळ यांच्यावर टाकलेली आहे. अहवालाची एक प्रत चुलतभावांना आपणहून द्यावी. पाणी त्यांच्या घरात जाते.

प्रयोगशाळा निवडताना ती एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली आहे एवढे पाहून थांबू नये. मान्यता घटकवार असते, तेव्हा पाण्यातील आणि मातीतील बेन्झीन तिच्या मान्यतेच्या यादीत आहे का, ते विचारावे. पैसे भरण्यापूर्वी बेन्झीनसाठी त्यांची शोधमर्यादा किती, ते लिहून घ्यावे. ती लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमच्या आसपास असावी. अहवालात ‘बीडीएल’, म्हणजे शोधमर्यादेखाली, असे छापून आले आणि ती मर्यादाच ०.१ मिलिग्रॅम असली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊपट बेन्झीन असलेले पाणीही त्या कागदावर निर्दोष दिसेल. तसा अहवाल घेऊन खरेदीखतावर सही करू नये.